घोडीच्या केसांचा ब्रश

मेहकरला कचेरीच्या रस्त्यावर आमचं खरादीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात येणारा जो तो माझ्या नवऱ्याच्या हातांची तारीफ करून जायचा. "मिस्तरी, हातात जादू आहे तुमच्या!" मालक मान खाली घालून हसायचे आणि म्हणायचे, "देवाची किरपा आहे, साहेब." मालक म्हणजे माझे यजमान. त्या वेळी मी मागच्या खोलीत पडद्याआड दातात दोरा धरून बसलेली असायचे. दातात दोरा होता म्हणून गप्प, नाही तर कधीच ओरडले असते.

मालक खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, पाळण्याच्या दांड्या, बाजेचे पाय, लाटणी, पोरांचे भवरे करायचे. पण कचेरीच्या मंडळींमुळे आमच्याकडे आणखी एक काम यायचं, ते म्हणजे जुने दाढीचे ब्रश नीट करणं. नागपूरचं सरकार कुठून कुठून कारकून, मुन्सफ, फौजदार आमच्या वऱ्हाडात पाठवायचं, आणि त्यांच्या पेटीतून त्यांचे विलायती ब्रशही यायचे. आमचा उन्हाळा त्या ब्रशांना मानवायचा नाही. वैशाखात मूठ तडकायची, आतलं चिकटवण सुकून भुगा व्हायचं, आणि एके सकाळी साबणाच्या फेसात केसांचा सगळा पुंजका हातात यायचा. नवा ब्रश मुंबईहून मागवावा लागे. शिवाय जुन्या वस्तूवर माणसाचा जीव असतो, त्यातून ती बापाची असली तर विचारूच नका. मग ही मंडळी आमचा ओटा चढायची.

मूठ मालकांची आणि गाठ माझी, अशी आमची वाटणी होती. मालक गरम पाण्यात मूठ भिजवून आतली जुनी लाख खरवडून काढत, तडा बुजवत, खरादावर चढवून घासूनपुसून लखलखीत करत. केसांचं काम माझं. माझं माहेर सुलतानपूरचं, पोळ्यासाठी बैलांचे गोंडे करणारं घर. त्यामुळे ही पोरगी चालायच्या आधी गाठ मारायला शिकली, असं माझी आई सांगायची. केस रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, विंचरायचे, लांब-आखूड वेगळे करायचे. मग अंगठ्याएवढ्या खोलगट लाकडी वाटीत टोकं खाली करून उभे धरायचे आणि वाटी हळूहळू ठोकत राहायची, म्हणजे टोकं आपोआप वाटीचा गोल घेतात. टोकाला कात्री कधीच लावायची नाही. टोक कापलं की केस गालाला टोचतो. कापायचं ते मुळाकडून. मग बुडाशी मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याची गाठ, दोऱ्याचं एक टोक हातात, एक दातात, आणि जीव खाऊन आवळायची. दोरा बोटात रुततो, कातडी चिरते, लाखेचे चटके बसतात ते वेगळेच. शेवटी ते बूड वितळलेल्या लाखेत बुडवून मुठीत बसवायचं. माझ्या गाठीतला केस गळला म्हणून कोणी तक्रार घेऊन आलं नाही. हे मी तोऱ्यात सांगते, आणि काऊन सांगू नये?

पण तेव्हा हे सांगायची सोय नव्हती. लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी उजेडासाठी ओट्यावर बसून गाठ बांधत होते. एक वकील आपला ब्रश न्यायला आला. माझ्या दातात त्याच्याच ब्रशाचा दोरा. तो बघतच राहिला. "बाईच्या तोंडातलं मी माझ्या तोंडाला लावू?" म्हणाला आणि ब्रश तसाच टाकून गेला. परत फिरकलाच नाही. तेव्हापासून मी पडद्यामागे. आणि कोणी विचारलं तर "म्याच करतो सगळं" हे मालकांचं उत्तर ठरलेलं. पुढे पुढे ते इतकं सवयीचं झालं, की विचारणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत यांच्या तोंडून बाहेर पडायचं.

मालकांचा एक नेम होता. नीट केलेला ब्रश गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी ते त्या ब्रशानं स्वतःची दाढी करायचे. ओट्याच्या खांबाला आरसा टांगून, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. केस गळतो का, फेस धरतो का, गालाला टोचतो का, हे स्वतःच्या तोंडावर बघितल्याशिवाय ब्रश दुकानाबाहेर पडत नसे. मग धुऊन, सुकवून, फडक्यात गुंडाळून देत. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मी मात्र आत बसून म्हणायचे, गाठ माझी आणि परीक्षा घेणारे हे कोण?

साखरखेर्ड्याकडचे एक पाटील आमचे जुने गिऱ्हाईक होते. दांडगा माणूस, आवाज असा की समोरच्या किराणा दुकानदारानं दचकून वर बघावं. उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी ते ओट्यावर येऊन बसले ते बोलेनातच. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, तर एवढा मोठा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. पुढ्यात शिंगाच्या मुठीचा, केस पार झडलेला एक जुना ब्रश होता. आणि फडक्यात बांधलेले लांब काळेभोर केस होते.

"मिस्तरी, माही घोडी गेली," ते म्हणाले.

संध्याकाळी दाणा खाऊन उभी असलेली घोडी सकाळी गोठ्यात आडवी पडलेली सापडली होती. पोट फुगलेलं, नाकातून रक्त. "दिष्ट लागली कोनाची तरी," पाटील म्हणाले. "तिच्या पाठीवर बसून म्या लगीन केलं, मिस्तरी. तिले ओढून न्यायच्या आंधी म्या सोता तिच्या शेपटीचे केस कापून घेतले. हा ब्रश माह्या बापाचा. याच्यात हे केस बसवून द्या. पोरीचं लगीन आहे. त्या दिवशी सकाळी हाच ब्रश तोंडाले लावीन म्हनतो. मांडवात तं ते नाई येऊ शकत आता."

मालकांचेही डोळे भरून आले. घोडी कशानं मेली हे आम्ही कोणी विचारलं नाही. नाकातून रक्त येऊन जनावर मरणं म्हणजे काय, हे आम्हा खरादी माणसांना कुठलं ठाऊक? केस काळा आहे, लांब आहे, शेपटीच्या मुळाजवळचा मऊ आहे, एवढं आम्हाला कळलं. फडकं सोडलं तेव्हा केसांना वाळकी लीद चिकटलेली होती, काही ठिकाणी वाळकं रक्तही. मी ते झाडलं, केस रिठ्यानं धुतले, विंचरले, मऊ तेवढे निवडले. घोडीचा केस निसरडा असतो, गाठीत राहत नाही. तीनतीनदा सोडून बांधावी लागली. त्या पाटलाचं रडणं कानात होतं, म्हणून मीही हट्टाला पेटले होते. शेवटी अशी गाठ बसली की मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

मालकांनी नेमाप्रमाणे ओट्यावर बसून त्या ब्रशानं दाढी केली. पाटील आले, त्यांनी ब्रश डोळ्यांना लावला, आणि बायको वारलेल्या माणसासारखे जड पावलांनी निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाटील परत आले ते सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊन. हे डॉक्टर नव्यानंच बदलून आले होते, पुण्याकडचे, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. आमचं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं हे सगळ्या मेहकराला माहीत होतं. त्या दिवशी मात्र ते हसत नव्हते.

"त्या घोडीचे केस इथे आले होते?" त्यांनी विचारलं.

"हाव, साहेब."

"ती घोडी काळपुळीनं मेली. ज्यानं तिला मारलं तो रोग तिच्या कातड्यात असतो, केसात असतो, रक्तात असतो. ज्या माणसानं तिचं कातडं सोललं, त्याच्या हाताला फोड आला आणि तो काल दवाखान्यात वारला."

पाटील खांबाला धरून उभे होते. त्यांनी ब्रश लग्नाच्या दिवसासाठी देवघरात ठेवला होता, म्हणून त्यांच्या तोंडाला लागला नव्हता. डॉक्टरांनी तो त्यांच्यासमोर रॉकेल टाकून जाळला होता.

"ते केस कोणी हाताळले?" डॉक्टर म्हणाले.

"म्याच, साहेब. म्याच करतो सगळं."

"धुतले, विंचरले?"

"म्याच."

"घरात आणखी कोणी हात लावला?"

मालकांनी एक क्षण पडद्याकडे बघितलं. शेजारी पाटील. ओट्याखाली कचेरीतले दोघे कारकून थांबून ऐकत होते. एकाचा ब्रश आत माझ्या मांडीवर होता.

"नाई, साहेब. कोनी नाई."

मी तोंड उघडणार तोच डॉक्टरांनी पुढचं विचारलं. "ब्रश वापरून बघितलास का?"

"हाव. दाढी केली म्या त्याच्यानं. मी करतोच."

डॉक्टर पुढे सरले. मालकांची हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं आणि गाल, गळा, कानाखालची जागा निरखून बघितली. वस्तऱ्यानं बारीक चिरा पडतात, त्यातून रोग आत जातो, म्हणाले. आधी किडा चावल्यासारखी पुळी येते. खाजते, पण दुखत नाही. मग तिचा मधला भाग काळा पडतो. पुळी दिसली की त्याच घडीला दवाखान्यात यायचं. उशीर झाला तर तोंडावरचा फोड मेंदूकडे चढतो, मग माझ्या हातात काही नाही. आणि उरलेले केस असतील तर आत्ता जाळा.

माझ्या कानात तेव्हापासून एकच शब्द घुमत होता, दाढी, दाढी, दाढी. बाकी काही डोक्यात शिरलंच नाही. हा माणूस आता माझ्या डोळ्यांदेखत जातो की काय, हीच भीती.

उरलेले केस मी मागच्या अंगणात जाळले. वाटी जाळली, फणी जाळली. दुकान उकळत्या पाण्यानं धुतलं. आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. सकाळी तांबडं फुटलं की मी मालकांना दारात बसवायचे आणि त्यांचं तोंड तपासायचे. दाढी करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे खुंट वाढले होते. त्या खुंटांमध्ये बोटं घालून घालून मी पुळी शोधायचे. गळ्याची घडी उलगडून बघायचे. आधी आधी ते हसायचे. "काय व, उवा पाहून राह्यली का?" मग हसणं बंद झालं. मग जेवण बंद झालं. ताटावर बसायचे आणि हात गालाकडे जायचा.

दुकानात चिटपाखरू येईना. बाजारात बातमी पसरली होती, खरादी घोडीचा रोग लागून मरणार. समोरचा किराणावाला आपल्या पोरांना आमच्या ओट्यावर खेळू देईना. ज्यांचे ब्रश आमच्याकडे पडून होते त्यांनी निरोप धाडला, राहू द्या, नकोत आम्हाला. बरं झालं, मी म्हटलं. जादूचे हात मरायला टेकले तर कोणी डोकावत नाही.

त्या दिवसांत मी मालकांशी फार वाईट भांडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे. "काऊन केली व्हती दाढी? कोनी सांगतलं व्हतं? गाठ पक्की आहे हे तुमाले माहीत नवतं का? माह्यावर भरोसा नवता का?" मी ओरडले.

"भरोसा व्हता," ते म्हणाले.

"मंग?"

"लोकायले दाखवा लागते ना."

 मी लाटणं आपटलं आणि मागे जाऊन रडले. आपल्याच गाठीनं आपला नवरा चालला, असं मनात येऊन येऊन छाती फुटायची.

आणि मग एका सकाळी बोटाला लागली. डाव्या कानाखाली, खुंटांत, एक बारीक पुळी. माझा हात तिथेच थांबला. मालकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. त्यांनी टोपी घातली. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "खराद विकू नोको. तुह्या भावाले दे." मी त्यांना म्हटलं, तोंड सांभाळा. 

डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. चिमटा घेतला, पुळी दाबली, आणि आतून एक वाकडा वाढलेला केस ओढून काढला. "दाढीचाच केस आहे," म्हणाले. "आत वळला होता. आता बरेच दिवस झाले. तुला काही होणार नाही असं वाटतंय."

मालक हसायला लागले. असे हसले की डॉक्टरही हसले. मी तिथेच खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले. बाहेर पडल्यावर मालकांनी मला हलवायाकडून पावभर जिलबी घेऊन दिली, ती आम्ही पैनगंगेच्या काठी बसून खाल्ली, नव्या नवरा-नवरीसारखी. जिलबीचा पाक बोटाला लागला म्हणून मी बोट चाटलं, आणि चाटताना ध्यानात आलं की मी मघापासून उजव्या हाताची तर्जनी खाजवत होते.

दोऱ्यानं चिरलेल्या जागेशेजारी एक पुळी होती. डास चावल्यासारखी. दुखत नव्हती.

मालकांना मी काही बोलले नाही. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. उन्हाळ्याचं काहीतरी असेल, लाखेचा चटका असेल, असं मीच माझी समजूत काढली. दुसऱ्या सकाळी मालक आरशासमोर मजेत बसले होते, आणि मी चुलीच्या उजेडात बोट धरून बघितलं तर पुळीभोवती पाण्याच्या फोडांची कड आली होती आणि मध्ये काळा ठिपका होता. बोट सुजून टरारलेलं. तरी दुखत नव्हतं. दुखलं असतं तर किती बरं झालं असतं!

तेव्हा मला सगळं कळलं. आम्ही इतके दिवस चुकीच्या माणसाचं तोंड तपासत होतो. मालकांनी तो ब्रश एकदा गालावरून फिरवला होता. पण वाळकी लीद, वाळकं रक्त लागलेला, न धुतलेला एकेक केस माझ्या चिरलेल्या बोटांतून गेला होता, आणि उरलेले जाळायला गोळा केले तेही याच बोटांनी. आणि हे कोणाच्या मनातही आलं नाही, कारण साऱ्या मेहकराच्या लेखी मी त्या खोलीत नव्हतेच.

मी मालकांसमोर हात धरला. त्यांनी बघितलं आणि त्यांचा रंग उतरला. "चटका असीन," ते म्हणाले.

"तुमाले माहीत आहे हा चटका नाई."

"हाव," ते म्हणाले. "चाल."

दवाखान्याचा वऱ्हांडा त्या दिवशी गच्च भरलेला होता. बाजाराचा दिवस, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं. घोडीचं कातडं सोलून वारलेल्या त्या माणसाच्या घरच्यांना तपासायला पाटील घेऊन आले होते, ते एका बाजूला उभे. कचेरीतले पेशकार खोकल्याचं औषध घ्यायला बाकावर बसलेले. डॉक्टर घामाघूम. त्यांनी माझं बोट बघितलं, कपाळाला आठी घातली आणि मालकांना विचारलं, "हिला कशानं झालं? त्या केसांना हिनं हात लावला होता?"

मी मालकांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी. पण पेशकार ऐकत होते, पाटील ऐकत होते.

"झाडताना एखांदा लागला असीन, साहेब," मालक म्हणाले. "केस तं म्याच हाताळले."

डॉक्टरांनी पुन्हा बोट बघितलं. "झाडण्यानं हे होत नाही सहसा. तुमच्याकडे लाखेचं काम चालतं ना? भाजल्याचा फोड चिघळला असावा, काळं दिसतं ती लाख असेल. मलम देतो, दोन दिवस लाव, नाही उतरलं तर ये." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मालक जागचे हलले नाहीत.  मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. बोला, मी मनात म्हणत होते, बोला ना, मेल्या माणसा, दोन दिवसांत मी मरेन. कंपाउंडरनं मलमाची पुडी माझ्या डाव्या हातात ठेवली. मालकांनी मान खाली घातली.

माझं डोकंच फिरलं. मी ती पुडी टेबलावर आपटली. मालकांचं मनगट धरलं, ओढून त्यांचा हात टेबलावर ठेवला आणि शेजारी माझा हात ठेवला.

"डागदर साहेब, हे दोन हात पाहा. दोऱ्याचे वळ कोनाच्या बोटावर आहेत? ह्यायच्या बोटावर एक तरी आहे का? गाठ म्या बांधते. ह्या दुकानातल्या साऱ्याच्या साऱ्या गाठी म्या बांधल्या. त्या घोडीचा एकेक केस म्या धुतला, म्या विंचरला. दोरा दातात धरला. ह्यायनं फक्त मूठ घासली अन् दाढी केली."

 पेशकारांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. पाटलांनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर खुर्ची मागे सारून उठले. त्यांनी माझ्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत गेलेली होती. ती मलाही तेव्हाच दिसली.

"हे मला आज सांगताय?" ते मालकांवर ओरडले. "मी तुमच्या दारात येऊन विचारलं होतं! कोणी हात लावला म्हणून विचारलं होतं! नालायका, बायको घालवली असतीस!"

 मालकांचा हात अजून टेबलावर तसाच पडलेला होता.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. फोडाभोवतीचं मांस कापून त्यात काहीतरी जळजळीत भरलं, तेव्हा मात्र दुखलं. दंडात सुया टोचल्या. औषध बुलढाण्याहून मागवावं लागलं, ते आणायला पाटलांनी आपली बैलांची दमणी जुंपून दिली. हात खांद्यापर्यंत सुजला, इतका की बांगड्या कापून काढल्या. ताप चढला. डॉक्टर दाराशी कोणाला तरी सांगत होते, ताप उतरला तर बाई वाचेल, नाही उतरला तर कठीण आहे. मी डोळे मिटून पडले होते, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

भर दुपारी डोळे उघडले तर मालक खाटेजवळ जमिनीवर बसलेले. खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. कितीतरी वेळ ते माझ्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे बघत होते.

"ऐकून राह्यली का व?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव."

"ते गाठ..." ते घुटमळले. "ते गाठ कशी बांधतं तू? मले सांग."

काय सांगू, तापापेक्षा वर राग चढला. इतकी वर्षं संसार केला, एका भिंतीआड बसून गाठी बांधल्या, एकदा म्हणून या माणसानं आत येऊन बघितलं नव्हतं. आणि मी चालले तेव्हा याला दुकान दिसतंय! घसा कोरडा पडला होता, तरी जीव एकवटून बोलले.

"मी मरून राह्यली, अन् तुमी गाठ शिकायले बसले? नाई सांगत. मेली तं गाठ माह्यासंगं जाईन. जा, सांगा त्या पेशकाराले, मिस्तरीच्या हातातली जादू सरली म्हना. नाई सांगत जा!"

बाजूच्या खाटांवरचे लोक उठून बसले. दाराशी पाटील उभे होते, कंपाउंडर होता. मालकांनी कोणाकडेच बघितलं नाही. ते फक्त माझ्याकडे बघत होते.

"मंग मरू नोको," ते म्हणाले.

आणि त्या साऱ्या लोकांदेखत तो माणूस माझ्या खाटेच्या कडेला डोकं टेकवून ओक्साबोक्शी रडायला लागला. "मले येत नाई," म्हणत होता, "मले नाई येत, तिलेच येते," पुन्हा पुन्हा तेच. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण बरा असलेला हात मागे नेला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

ताप उतरला. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी ती गाठ विचारली नाही, आणि मीही त्यांना शिकवली नाही.